विंडोज ९८ आणि एक्सपी आजच्या इंटरनेटला कसे जोडावेत?

खटारा_चालक | शनि, रात्री १०:१२

माळा आवरताना दोन जुने संगणक खाली आले. दोन्ही चालू झाले, हेच नवल.

पहिला: पेन्टियम तीन, ५०० मेगाहर्ट्झ, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन, आत रिअलटेक ८१३९ चिपचं लॅन कार्ड. दुसरा: पेन्टियम एमचा लॅपटॉप, ५१२ एमबी, एक्सपी सर्व्हिस पॅक ३.

९८ ला राउटरची वायर जोडली. स्टार्ट, रन, विनआयपीसीएफजी (नेटवर्कचा पत्ता दाखवणारी आज्ञा). पत्ता मिळाला, १९२.१६८.१.७. डॉसच्या खिडकीतून ८.८.८.८ ला पिंग केलं (हाक मारून उत्तर येतं का पाहिलं) तर चारही पाकिटं सुखरूप परत. पण इंटरनेट एक्स्प्लोरर उघडून कुठलीही साइट टाका, तेच पांढरं पान: पान दाखवता येत नाही. एक्सपीला वायर लावली तर दहातली एखादी साइट उघडते. वायरलेसवर तर एक्सपीला आमचं नेटवर्क दिसतच नाही. फोन त्याच टेबलावर ठेवलाय, त्याला पूर्ण रेंज.

वायर बदलली, टीसीपी/आयपी काढून पुन्हा टाकलं, चार वेळा रिस्टार्ट मारला. आता हात टेकले.

बँकेचे व्यवहार वगैरे काही करायचे नाहीत. ९८ च्या डिस्कवरच्या जुन्या फाइली नव्या संगणकावर आणायच्यात (पेनड्राइव्ह लावला की ड्रायव्हर मागतो), आणि जमलं तर आपलं हे संस्थळ त्या यंत्रावर एकदा उघडून बघायचंय. दुसऱ्या गोष्टीला कारण काही नाही. हौस.

---

उंटावरचा शहाणा | शनि, रात्री १०:२०

डिस्क काढा, फाइली घ्या, बाकीचं भंगारात द्या. धागा संपला.

---

वायरमन | शनि, रात्री १०:४७

शहाणे, हौसेला औषध नसतं. असो.

खटारा_चालक, आधी ते रिस्टार्ट थांबवा. पिंग परत येतंय म्हणजे वायर, कार्ड, राउटर, पत्ता सगळं ठणठणीत आहे. विनआयपीसीएफजीमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता तर राउटरने दाद दिली नाही असं म्हणता आलं असतं. तुमच्याकडे तसं नाही. आयपी ज्या रूपात आपण वापरतो त्याचा मसुदा १९८१ चा आहे. ९८ आणि आजचा फोन या बाबतीत एकच भाषा बोलतात.

आता दोन गोष्टी करून बघा. आकड्यांऐवजी नावाने पिंग करा, म्हणजे डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) चालतंय का ते कळेल. मग ब्राउझरमध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता टाका, नुसता एचटीटीपी, शेवटी एस नाही.

---

खटारा_चालक | शनि, रात्री ११:०५

नावाने पिंग: चाललं. राउटरचं पान: उघडलं! वाकडंतिकडं, बटणं एकावर एक चढलेली, पण उघडलं. मग बाहेरच्या साइट का नाहीत?

---

कुलूपकिल्ली | शनि, रात्री ११:३८

कारण बाहेरच्या जवळजवळ सगळ्या साइट आता एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणीवर) आहेत, आणि तुमचं घोडं तिथे पेंड खातंय.

जोडणी झाली की ब्राउझर आधी सर्व्हरला सांगतो, मला टीएलएसची (त्या कुलपाच्या नियमांची) अमुक आवृत्ती येते आणि तमुक सांकेतिक पद्धती येतात. सर्व्हर त्यातली एक निवडतो. एक्सपीमध्ये हे काम विंडोजचा स्वतःचा घटक करतो आणि त्याची धाव एसएसएल ३ आणि टीएलएस १.० पर्यंत. टीएलएस १.० हे १९९९ चं. १.२ आलं २००८ मध्ये, १.३ आलं २०१८ मध्ये. २०२० च्या सुमारास मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ बंद केलं, मार्च २०२१ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्यांनीही ते अधिकृतपणे निकालात काढलं. सर्व्हर त्याआधीपासूनच दारं लावून घेत होते. एक्सपी ज्या पद्धती पुढे करतो त्यातली आरसी४ तर २०१५ पासूनच वर्ज्य. सर्व्हर यादी बघतो, ओळखीचं काही सापडत नाही, फोन ठेवून देतो.

वैताग असा की इंटरनेट एक्स्प्लोरर हे सांगतच नाही. वायर निघालेली असो, नाव चुकलेलं असो की हे कुलूप लागत नसो, पांढरं पान तेच. म्हणून माणूस वायर बदलत बसतो. तुम्ही एकटे नाही, मीही एकदा अख्खा रविवार घालवलाय.

आणखी एक मेख. एकाच आयपी पत्त्यावर आज शेकडो साइट राहतात. ब्राउझरने सुरुवातीलाच "मला अमक्याकडे जायचंय" असं नाव घेतलं तर सर्व्हर योग्य प्रमाणपत्र (साइटचं ओळखपत्र) काढून देतो. एक्सपीवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर हे नाव घेतच नाही. ती सोय व्हिस्टापासून आली. दारावर उभं राहून कोणाकडे आलो ते सांगायचंच नाही, मग वॉचमन तरी काय करणार?

---

शंकासुर | रवि, सकाळी ८:१५

पण मग माझ्या एक्सपीवर फायरफॉक्स कसा काय चालायचा? २०१७-१८ पर्यंत तरी मी वापरत होतो, सगळं उघडायचं.

---

कुलूपकिल्ली | रवि, सकाळी ९:०२

रास्त शंका. फायरफॉक्स विंडोजच्या कुलपावर अवलंबून नाही, तो स्वतःची किल्ली आणि विश्वासू प्रमाणपत्रांची यादी स्वतःच्या खिशात घेऊन फिरतो. एक्सपीसाठी शेवटची आवृत्ती ५२ ईएसआर, तिला २०१८ पर्यंत दुरुस्त्या मिळत होत्या. टीएलएस १.२ तिला उत्तम येतं. क्रोम एक्सपीवर ४९ ला थांबला, तो प्रमाणपत्रांसाठी मात्र विंडोजच्याच यादीकडे बघतो. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं. लेट्स एन्क्रिप्टची (फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था) प्रमाणपत्रं वापरणाऱ्या असंख्य साइट जुन्या यंत्रांवर त्याच्या जोरावर उघडायच्या, त्या एका रात्रीत बंद पडल्या. नवं मूळ प्रमाणपत्र हाताने विंडोजमध्ये टाकलं की त्यातल्या बऱ्याच पुन्हा सुरू होतात.

तेव्हा एक्सपीच्या लॅपटॉपसाठी: नव्या संगणकावर फायरफॉक्स ५२.९ ईएसआर मोझिलाच्या जुन्या साठ्यातून उतरवा आणि पेनड्राइव्हने न्या. एक्सपीवरूनच उतरवायला जाऊ नका, ती साइटच उघडणार नाही. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

हौशी लोकांनी चालू ठेवलेले नवे अवतारही आहेत. फायरफॉक्सच्या कुळातला मायपाल आणि क्रोमियमच्या कुळातला सुपरमियम. दोन्ही एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वर चालतात. ५१२ एमबीत सुपरमियम धापा टाकेल. मी असतो तर मायपाल घेतला असता.

९८ ला यातलं काही चालणार नाही. पेन्टियम तीनमध्ये एसएसई२ नावाचा सूचनासंच नाही, तो पेन्टियम चारपासून आला, आणि विंडोजवरच्या फायरफॉक्सने ४९ पासून तो सक्तीचा केला. म्हणजे त्या यंत्रावर उद्या एक्सपी टाकलात तरी ५२ चालणार नाही.

---

उंटावरचा शहाणा | रवि, सकाळी ९:३०

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा लिनक्स टाका ना. हलकं, सुरक्षित, फुकट.

---

जुनी खिडकी | रवि, सकाळी १०:११

१२८ एमबीत? लिनक्स येईलही, पण आजचा ब्राउझर एका पानाला त्याहून जास्त खातो. ब्राउझरच चालला नाही तर लिनक्स टाकून काय आरती ओवाळायची? शिवाय ३२-बिटांचा पाट हळूहळू आटतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलरच काढत नाहीत.

लॅपटॉपवर जमू शकेल. पण सुरुवातीचे पेन्टियम एम पीएई नावाची जास्त मेमरी वापरण्याची सोय असूनही ती आहे असं सांगत नाहीत, मग इन्स्टॉलर तोंड फिरवतो. बूट करताना फोर्सपीएई असं लिहून द्यावं लागतं. मला हे कळायला तीन सीडी जाळाव्या लागल्या.

आणि मुळात त्यांना विंडोज ९८ च हवंय हो. बैलगाडीची हौस असलेल्याला स्कूटर कशाला दाखवता?

---

खटारा_चालक | रवि, दुपारी १२:२६

फायरफॉक्स ५२.९ एक्सपीवर बसला. कुलूपकिल्लींना दंडवत. पण आता वेगळंच: प्रत्येक साइटवर "जोडणी सुरक्षित नाही". तपशिलात म्हणतोय की प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही. लागू झालेलं नाही म्हणजे काय? उद्या होणार आहे का?

---

जुनी खिडकी | रवि, दुपारी १२:३१

उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. वेळ नको, तारीख.

---

खटारा_चालक | रवि, दुपारी १२:३४

१ जानेवारी २००२.

😶

---

जुनी खिडकी | रवि, दुपारी १२:५०

त्याच्या दृष्टीने हे प्रमाणपत्र वीसहून अधिक वर्षांनी जन्माला येणार आहे. मदरबोर्डवरचा सेल संपला की बायोस आपल्या जन्माच्या आसपासच्या एखाद्या तारखेवर जाऊन बसतो. डेस्कटॉपमध्ये बहुतेक सीआर२०३२ असतो, रुपयाएवढा गोल, नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडेची पट्टी बाजूला केली की उडी मारून बाहेर येतो. लॅपटॉपात तोच सेल कधीकधी दोन तारा जोडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कीबोर्डखाली लपवलेला असतो. तो काढायच्या आधी फोटो काढून ठेवा.

तोवर तारीख हाताने बदला. वर्ष बदलायला विसरू नका, लोक दिवस आणि महिना नीट करतात आणि वर्ष तसंच ठेवतात. हसू नका, मी केलंय.

---

खटारा_चालक | रवि, दुपारी १:०८

उघडलं!! हे संस्थळ एक्सपीवर उघडलं! फक्त मराठीच्या जागी चौकोनच चौकोन. संपादकांचं स्वागतपर निवेदन पण चौकोनात.

---

वाचकमात्र | रवि, दुपारी १:१५

काही प्रतिसाद चौकोनातच बरे दिसतात. (हलके घ्या)

---

जुनी खिडकी | रवि, दुपारी १:२२

कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, दुसरा टॅब. गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या फाइली टाकण्याची एक चौकट असते, थाई आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांचा उल्लेख असलेली. तिच्यावर खूण करा. मग तो एक्सपीची सीडी मागेल. सीडी नसेल तर डिस्कवर आय३८६ नावाचा फोल्डर आहे का शोधा, कंपनीने बसवून दिलेल्या लॅपटॉपांवर तो बरेचदा असतो. त्याचा रस्ता दाखवा, रिस्टार्ट, मंगल फॉन्ट येईल.

---

शंकासुर | रवि, दुपारी २:४०

वायफायचं राहिलंच की. एक्सपीला नेटवर्क का दिसत नाही? पासवर्ड मागून नाही म्हणाला असता तर समजू शकतो, पण दिसतच नाही?

---

वायरमन | रवि, दुपारी ४:०५

दिसत नाही याची तीन कारणं मला तरी नेहमी सापडतात.

पहिलं, राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर बोलतोय. त्या काळची बी आणि जी जातीची कार्डं २.४ वरच ऐकतात. त्यांच्या लेखी ५ म्हणजे कुत्र्याची शिट्टी. दुसरं, राउटरने २.४ मध्ये १२ किंवा १३ नंबरची वाहिनी धरली आहे. कित्येक जुनी कार्डं ११ पर्यंतच मोजतात. राउटरला १, ६ किंवा ११ वर बांधून टाका. तिसरं कारण सुरक्षेचं. राउटर डब्ल्यूपीए३ वर असेल (हे २०१८ चं) तर नेटवर्क यादीत नीट दिसत नाही, किंवा दिसून जोडत नाही. एक्सपी सर्व्हिस पॅक ३ ला डब्ल्यूपीए२ येतं. पॅक २ ला त्यासाठी वेगळा पॅच लागायचा.

एक हात जोडून विनंती. कुठेतरी सल्ला वाचाल की राउटर वेपवर (वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीवर) आणा, जुनं लगेच जोडतं. आणू नका. वेपचं गणित २००१ मध्येच फुटलंय, आज ते मिनिटांत उघडतं. मुख्य नेटवर्कला हात न लावता राउटरमध्ये पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क काढा, २.४, डब्ल्यूपीए२, एईएस. जुनी मंडळी तिथे. घरातला फोन, नवा लॅपटॉप त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही, हा वरचा फायदा.

९८ साठी वायरलेसचा नाद सोडा. त्यात वायरलेसची सोयच अंगभूत नाही, कार्डाबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरवर सगळी मदार, आणि त्यातली बरीचशी डब्ल्यूपीए२ च्या आधीची. वायर फिरवायची नसेल तर एखादा जुना राउटर क्लायंट मोडवर टाका. वायफायचं भांडण तो भांडेल, ९८ ला वाटेल की वायरच आलीय.

---

उंटावरचा शहाणा | रवि, सायं. ६:३०

सगळे मिळून याला खड्ड्यात घालताय. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला, ९८ चा ११ जुलै २००६ ला. नेटला लावल्यापासून पाच मिनिटांत व्हायरस येईल.

---

जुनी खिडकी | रवि, रात्री ८:०२

पाच मिनिटांची गोष्ट खोटी नाही, पण ती कधीची आणि का, ते बघा.

ऑगस्ट २००३, ब्लास्टर नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा व्हायरस). तेव्हा मी डायलअपवर एक्सपी लावायचो. मोडेम जोडला की यंत्राला थेट बाहेरचा पत्ता, मध्ये राउटर नाही, आणि एक्सपीची भिंत (फायरवॉल) तेव्हा बंदच असायची. ती आपसूक चालू झाली ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. जोडल्यावर थोड्याच वेळात एक खिडकी यायची, साठपासून उलटी गिनती, शून्याला यंत्र बंद. पॅच उतरायच्या आत साठ सेकंद संपायचे. मग कोणीतरी सांगितलं की रनमध्ये शटडाउन, मोकळी जागा, वजा ए असं टाक, गिनती थांबते. कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं होतं. गिनती चालू असताना आठवत नाही हो.

आज तुमच्या पुढे राउटर आहे. न बोलावलेलं पाकीट तो आत सोडत नाही, म्हणून तसा हल्ला बाहेरून थेट पोचत नाही. धोका उरतो तो आतून: घरातल्याच दुसऱ्या लागण झालेल्या यंत्राकडून, किंवा तुम्ही स्वतः जुन्या ब्राउझरने उघडलेल्या पानातून. मे २०१७ चं वॉनाक्राय (फाइली ओलीस ठेवणारा व्हायरस) असंच नेटवर्कवर एका यंत्रातून दुसऱ्यात घुसत होतं. पाठिंबा संपून तीन वर्षं झालेली असूनही मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक्सपीसाठी पॅच काढला. तो टाकून घ्या.

म्हणून वायरमन म्हणतात ते पाहुण्यांचं नेटवर्क, आणि त्या यंत्रावर एकही पासवर्ड टाइप करायचा नाही. या संस्थळाचा सुद्धा.

---

शंकासुर | रवि, रात्री ८:२०

ब्लास्टर ९८ ला लागतच नव्हता ना? मग ९८ जास्त सुरक्षित!

---

कुलूपकिल्ली | रवि, रात्री ८:४४

ज्या दारातून ब्लास्टर शिरायचा ते दार ९८ ला नव्हतं, एवढंच. ९८ चं स्वतःचं एक दार होतं. फोल्डर शेअर करताना पासवर्ड लावता यायचा. २००० साली उघड झालं की पासवर्ड किती लांबीपर्यंत ताडून बघायचा हे समोरचा सांगू शकतो. समोरच्याने "एकच अक्षर बघ" म्हटलं की ९८ पहिलं अक्षर जुळवून दार उघडायचं. तेव्हा फाइल शेअरिंगवरची खूण काढून टाका.

---

पॅकेटवाला | रवि, रात्री ११:५०

उशिरा आलो. ९८ वर हे संस्थळ उघडायचंय ना? त्या यंत्राला टीएलएस शिकवत बसू नका. रेट्रोझिला नावाचा ब्राउझर ९८ वर टीएलएस १.२ बोलतो हे खरं, पण आतलं इंजिन जुनं, कुलूप उघडलं तरी आतलं सामान त्याला ओळखू येत नाही. त्यापेक्षा मध्ये दुभाषा ठेवा.

दोन प्रकार आहेत. वेबवन: नव्या संगणकावर चालवायचा, ९८ च्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सी (मध्यस्थ) म्हणून त्याचा पत्ता द्यायचा. बाहेर तो नव्या टीएलएसने बोलतो, आत ९८ ला साधं एचटीटीपी देतो. पानं मात्र मूळचीच जातात, त्यामुळे नव्या धाटणीच्या पानांपुढे एक्स्प्लोरर ५ गांगरतो.

दुसरा माझा लाडका, वेब रेंडरिंग प्रॉक्सी. नव्या संगणकावर क्रोमियम पडद्याआड पान उघडतो, त्याचं चित्र काढतो, आणि ९८ ला नुसतं जीआयएफ चित्र पाठवतो. तुम्ही चित्रावर जिथे क्लिक कराल तिथले आकडे परत जातात, क्रोमियम खऱ्या पानावर तिथे क्लिक करतो, नवं चित्र येतं. हा प्रॉक्सीच्या चौकटीत टाकायचा नाही. नव्या संगणकाचा आयपी, पुढे ८०८०, एवढं सरळ पत्त्याच्या पट्टीत टाका. वर एक पट्टी दिसेल, तिथे रुंदी ८०० करा आणि हवी ती साइट लिहा.

हे आतल्या नेटवर्कपुरतंच ठेवा, राउटरमधून बाहेर उघडू नका. दुभाषा ते ९८ ही वाट पूर्ण उघडी असते.

अवांतर: माझ्याकडे याहून जुनं आहे. डॉस, ६४० केबी, विंडोज नाहीच. लॅन कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर भरायचा आणि वर एमटीसीपी (डॉससाठीच्या नेटवर्क आज्ञांचा संच). डीएचसीपी, एफटीपी, टेलनेट, आयआरसी, घड्याळ लावून घेण्याचा एसएनटीपी, सगळं आहे. ज्या यंत्रात लॅन कार्डच बसत नाही त्याच्या सीरियल पोर्टला ईएसपी८२६६ चा ठोकळा लावतो. तो स्वतःला मोडेम म्हणवतो. एटीडीटी लिहून पुढे फोन नंबरऐवजी पत्ता द्यायचा, तो वायफायवरून जोडून देतो. यंत्राला शेवटपर्यंत कळत नाही की फोनची लाइन नव्हतीच.

---

खटारा_चालक | सोम, रात्री ९:४०

वृत्तांत.

एक्सपी: पाहुण्यांच्या नेटवर्कवर जोडला. राउटर १३ व्या वाहिनीवर होता, वायरमन यांचं दुसरं कारण. चौकोन गेले, मंगल आला, आय३८६ डिस्कवरच होता.

९८: लिनक्सवाल्या लॅपटॉपवर पॅकेटवाल्यांचं यंत्र चालवलं. ९८ मध्ये पत्ता टाकला. तीन-चार सेकंद काही नाही, मग वरून खाली एकेक पट्टा उतरत चित्र आलं आणि त्यात हाच धागा! त्या ९८ मध्ये युनिकोड देवनागरीचा एकही फॉन्ट नाही, तरी "क्ष" पासून "ऱ्ह" पर्यंत एकूण एक जोडाक्षर जागच्या जागी. अक्षरं कुठे येतायत, त्यांचा फोटो येतोय! रंग २५६ च, त्यामुळे सगळ्यांच्या प्रोफाइलमधल्या चित्रांना गोवर झालाय. उंटावरचा शहाणा यांचा उंट जांभळा दिसतो.

आता फाइली. नव्या विंडोजमधून ९८ चं शेअर उघडत नाही, ९८ वरून नव्याचं दिसत नाही.

---

वायरमन | सोम, रात्री १०:१५

दिसणार नाही. ९८ ज्या बोलीत शेअरिंग करतं ती एसएमबी १, वॉनाक्राय शिरला ती हीच. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती पूर्ण येत नाही किंवा न वापरल्यास आपोआप निघून जाते, आणि परत चालू करू नका.

एफटीपी (फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) वापरा. लिनक्सवर छोटा एफटीपी सर्व्हर चालू करा, ९८ मध्ये डॉसच्या खिडकीत एफटीपी हा आदेश मुळातच आहे. प्रॉम्प्ट लिहून दर फाइलला विचारणं बंद करा, मग एमपुट (अनेक फाइली एकदम पाठव), पुढे तारा-टिंब-तारा.

---

खटारा_चालक | सोम, रात्री ११:३१

३४० फाइली गेल्या, पण फोटो सगळे खराब. वरची पट्टी नीट, खाली राखाडी. एका फोटोची मापं ताडून बघितली: ९८ वर २,१०,४१२ बाइट, इकडे २,१०,४०८. चार बाइट कोणी खाल्ले?

---

पॅकेटवाला | सोम, रात्री ११:३९

बायनरी लिहायचं राहिलं. वायरमन, तुम्हीही सांगायला विसरलात.

विंडोजचा एफटीपी सुरुवातीला मजकुराच्या पद्धतीत असतो. विंडोजमध्ये ओळ संपली की दोन बाइट लिहितात, १३ आणि १०. लिनक्समध्ये एकच, १०. सर्व्हरला वाटलं मजकूर आहे, त्याने जिथे जिथे १३-१० दिसलं तिथला १३ गाळला. फोटोत ओळी नसतात, पण ती जोडी योगायोगाने पडतेच. साधारण ६५,५३६ बाइटांमागे एकदा. तुमच्या दोन लाखांत तीनेक पडायला हव्यात, चार पडल्या. हिशेब बरोबर आहे.

एफटीपी, बायनरी, प्रॉम्प्ट, एमपुट. याच क्रमाने.

---

वायरमन | सोम, रात्री ११:४२

चूक मान्य.

---

खटारा_चालक | मंगळ, रात्री १०:०५

सगळ्या फाइली आल्या. बाइट न् बाइट जुळला. सेल बदलला, तारीख टिकते आहे.

फोटो उघडले. लेखांच्या फाइली उघडल्या तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे, विसरलोच होतो. त्याच्यासाठी वेगळा धागा काढतो.

---

शंकासुर | मंगळ, रात्री १०:१८

फॉन्टची फाइल ९८ च्या फॉन्ट फोल्डरमध्ये असेल की. ती आणलीत का?

---

खटारा_चालक | मंगळ, रात्री १०:२१

आणली. आधी बायनरी लिहून.